‘मारहाणीत वाढलेल्या बाईला पोटातल्या बाळाची माया लागत नाही’ म्हणे!

इंदूरच्या रामबाग-लोकमान्यनगराकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लहानपणी मार आणि अपमान सोसलेल्या बाईला पोटातल्या बाळाची माया लागत नाही, पाचव्या महिन्यापर्यंत लागली नाही तर पुढेही लागत नाही. उपाय काय, तर जुनं आठवायचं नाही आणि रोज गर्भसंस्काराचं ऑडिओ ऐकायचं.

पहिलं विधान अर्धंच खरं. बालपणीच्या जाचाचा परिणाम दिसतो, पण बऱ्याचदा तो आजच्या उदासीतून, धास्तीतून, घरात आधार नसण्यातून येतो. आणि यांवर इलाज आहे. उदासी चाचपायला एडिनबरा प्रश्नावली आहे: मागच्या 7 दिवसांबद्दल 10 प्रश्न, कमाल 30 गुण. 13 किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य नसेल तर बेरीज करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, चोवीस तास, मोफत.

पाचव्या महिन्याची अट तर हास्यास्पद. पहिलटकरणीला हालचालच 18 ते 20 आठवड्यांत जाणवते, वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशिरा. ओढ वाढते ती सहसा त्यानंतर. काहींना तर बाळंतपणानंतरच. मात्र 28 आठवड्यांनंतर हालचाल मंदावली, तर ‘मायाच नाही’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना.

‘आठवू नका’ हा सल्ला उलटा आहे. अमेरिकी बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी 1975 मध्येच मांडलं होतं: मार आठवतो पण तेव्हाची भीती आठवत नाही, तिथेच तो पुढच्या पिढीवर उतरण्याचा धोका जास्त. म्हणून सासूबाईंनी खोदून विचारावं असं नव्हे. कुणाला, किती सांगायचं ते तिचं तिनं ठरवावं.

मेसेजात नसलेली खरी अडचण तपासणीच्या टेबलावर असते. उताणं झोपवून आतून तपासताना अंग आखडतं, श्वास अडकतो. मग पुढची तारीख चुकते आणि घरचे म्हणतात, हिला बाळाची फिकीरच नाही! दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी असते, गर्दीही असते, म्हणून टेबलावर चढण्याआधीच सिस्टरला सांगावं, “हात लावण्याआधी बोला, मी थांबा म्हटलं की थांबा.” कारण सांगायची गरज नाही. डोक्याकडची बाजू उंच करून मागावी, जवळ ओळखीची बाई असू द्यावी.

राहिलं ऑडिओ. आवडलं तर ऐका, पण पोटावर हेडफोन नको. बाळाला सगळ्यात जवळचा आवाज आईचाच.