लेहची हवा थंड खरी, पण विरळ

एक मेसेज फिरत फिरत माझ्याकडे तिसऱ्यांदा आला. लेहला बदली झालेल्यांना कुणीतरी दिलेला सल्ला आहे: ‘तिकडे मुळातच थंडी, त्यामुळे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला एक पंखा पुरे. हवा विरळ, म्हणून पंखा हलका फिरतो आणि जास्त हवा फेकतो. फार वाटलं तर स्टॅटिक प्रेशरवाला पंखा घ्या. किंवा सरळ लिक्विड कूलर लावा, उंचीचा प्रश्नच मिटला.’ यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. ते कोणतं, हे ओघात येईलच.

आधी तो हलका फिरणारा पंखा. विरळ हवेत पात्यांवरचा भार कमी होतो, त्यामुळे त्याच व्होल्टेजवर पंखा थोडा जोरात फिरेल, हे कबूल. पण लेहला उतरल्यावर दोन जिने चढून बघा. छाती तेवढीच फुगते, तरी धाप लागते, कारण तेवढ्याच श्वासात हवा कमी असते. पंख्याचंही तसंच. खोक्यावर छापलेला सीएफएमचा आकडा म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा सरकते ते. त्या घनफुटात हवा किती भरलीय, हे तो आकडा सांगत नाही. उष्णता वाहून नेते ती हवेच्या वजनाने. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा साधारण 1.225 किलो भरते, 3500 मीटरवर, म्हणजे लेहच्या उंचीला, 0.86 किलो. सुमारे तीस टक्के तूट. ती भरून काढायला तोच पंखा जवळपास 1.4 पट वेगाने फिरवावा लागेल. भार हलका झाल्यामुळे मिळणारा वेग त्याच्या आसपासही जात नाही.

आता थंडी. लोकांना सगळ्यात पटतो तो हाच मुद्दा, म्हणून जरा हिशेब मांडतो. ढोबळच आहे. 300 वॉट उष्णता टाकणारं मशीन, आरपार जाणारी हवा 50 सीएफएम. मुंबईत ही हवा बाहेर पडेपर्यंत साधारण 10 अंशांनी तापते, लेहमध्ये जवळजवळ 15 अंशांनी. हा झाला कॅबिनेटचा भाग. प्रोसेसरवर बसवलेल्या हीटसिंककडूनही, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांकडूनही, विरळ हवा उष्णता कमीच उचलते. मुंबईत प्रोसेसर आतल्या हवेपेक्षा 40 अंश जास्त तापत असेल, तर लेहला 48 ते 53. मुंबईत एसी लावलेल्या 25 अंशांच्या खोलीत बेरीज 75 होते. लेहला खोली तेवढीच उबदार ठेवली तर 88 ते 93. बरोबरी साधायची तर खोली 7 ते 12 अंशांवर ठेवावी लागेल. तेवढ्या गारठ्यात कीबोर्डवर बोटं चालणार नाहीत, आणि माणूस बुखारी, म्हणजे खोली उबदार करणारी शेगडी, पेटवतोच. थंडी खिडकीबाहेर असते. कॉम्प्युटर आपल्याबरोबर आत, उबेत.

नागपूरच्या मे महिन्याशी तुलना केली तर लेह अजूनही जिंकेल, हे नाकारत नाही. लेहला मशीन जळून जाईल असं माझं म्हणणंच नाही. ‘एक पंखा पुरे’ एवढ्यालाच माझी हरकत आहे.

स्टॅटिक प्रेशरचं वाक्य, तेच ते अर्धं खरं. असा पंखा अडथळ्यातून हवा रेटायला बनवलेला असतो. कल्पना अशी की हवेचा दाब कमी, म्हणून पंख्याने जास्त जोर लावायला हवा. पण घनता घटते तेव्हा पंख्याचा जोर जेवढा उतरतो, जवळजवळ तेवढाच जाळ्या आणि वळणांचा अडथळाही उतरतो. दोन्ही बाजू सारख्याच खाली येतात आणि घनफुटांचा आकडा जागच्या जागी राहतो. मग खरं काय? बारीक धूळजाळी आणि दाट पट्ट्यांचा रेडिएटर. त्यांच्या अरुंद फटींतून हवा संथ सरकते आणि तिथला अडथळा हवेच्या चिकटपणावर ठरतो. उंचीवर गेल्याने चिकटपणा कमी होत नाही. पंख्याचा जोर घटला, अडथळा तसाच. लडाखची बारीक धूळ पाहता जाळी काढून टाकणंही परवडत नाही. तेव्हा जाळीमागे जोरदार पंखा घ्या, मेसेजमधलं कारण मात्र सोडून द्या.

लिक्विड कूलरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पाणी उष्णता फक्त रेडिएटरपर्यंत नेतं, पुढे ती हवेलाच द्यायची असते. विरळ हवा तिथेही भेटतेच.

मग घ्यावं काय? 120 मिलिमीटरऐवजी 140 चे पंखे बसत असतील तर तेच. पुस्तकी नियमाने तेवढ्याच वेगात दीडपटीहून जास्त हवा सरकते. प्रत्यक्षात जाडी बहुधा तीच 25 मिलिमीटर असते, म्हणून फायदा त्याहून कमी, पण घसघशीत. कमाल आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, गरजेपेक्षा थोडे जास्तच असू द्या. आणि मुंबई-पुण्यात शांततेसाठी बेतलेला बायोसमधला (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमधला) फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापल्यावर पंखा किती वेगाने फिरवायचा ते, तिकडे गेल्यावर पुन्हा बसवा. 1000 आरपीएमचा पंखा 1400 वर नेला की आवाज वाढणारच, पण विरळ हवेत पंख्याचा आवाजही सुमारे 3 डेसिबलने उतरतो. निव्वळ वाढ साडेचार डेसिबलच्या आसपास. चालण्यासारखी आहे.

हे नुसतं कागदावरचं गणित वाटत असेल तर चिलीतल्या अटाकामा वाळवंटातली अल्मा दुर्बीण बघा. तिच्या अँटेनांचे सिग्नल जुळवणारा महासंगणक सुमारे 5000 मीटरवर आहे. बाहेर चांगलीच थंडी असते, तरी तो थंड ठेवायला नेहमीच्या दुप्पट हवा फिरवावी लागते. आणि त्याला फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क नाही, कारण तिचं वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीवर हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि तिथे तो थर पुरत नाही. घरगुती हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याची कमाल उंची बहुधा 3048 मीटर, म्हणजे 10,000 फूट, लिहिलेली असते. लेह त्याच्या साडेचारशे मीटर वर. मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही, तेव्हा सामान बांधण्याआधी जुन्या डिस्कवरचे फोटो एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर, उतरवून घ्या.