सौदा हस्तलिखिताचा नाही, हक्कांचा

"दोन मराठी प्रकाशक एका कादंबरीसाठी बोली लावतायत, असं कधी ऐकलंय का?" सरांनी विचारलं आणि लातूरच्या गंजगोलाईतला आमचा कट्टा तापला. आमच्यातल्याच एकाची पहिली कादंबरी लिहून झालीय, अन् एका प्रकाशकानं छपाईचा खर्च त्याच्याकडंच मागितलाय.

मोंढ्यात आडत असलेला मित्र भडकला. "लंडनात कादंबरीचा सौदा, म्हणजे लिलाव, निघतो म्हणे. मग आपल्याकडं काहून नाही?"

तिकडं निघतो, हे खरंय. लेखकाचा एजंट एकाच वेळी अनेक संपादकांकडं हस्तलिखित धाडतो आणि तारीख ठरवून देतो. बोल्या आल्या की मागं पडलेल्यांना वाढवून द्यायला सांगतात, असे फेरे होतात. कुणी लिलावाच्या आधीच मोठी रक्कम देऊन हस्तलिखित उचलतो. १९९६ मध्ये अरुंधती रॉय यांची पहिली कादंबरी वाचून डेव्हिड गॉडविन हे एजंट इंग्लंडहून थेट दिल्लीला आले. आगाऊ रक्कम सुमारे ५ लाख पौंडांवर गेली, तीही पुस्तक छापायच्या आधी. ही रक्कम पुढं रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीतल्या लेखकाच्या वाट्यातून, वळती होते. पुस्तक पडलं तरी सहसा परत मागत नाहीत, जोखीम प्रकाशकाची. मला यातलं हेच मोलाचं वाटतं.

सर म्हणाले, "बोली लावणारे पाहिजेत ना! अमेरिकेत पेंग्विन रँडम हाउस हे प्रकाशन सायमन अँड शुस्टर या दुसऱ्या मोठ्या प्रकाशनाला विकत घेणार होतं. बोली लावणारे घटतील, लेखकांची आगाऊ रक्कम घसरेल, म्हणून सरकार कोर्टात गेलं अन् २०२२ मध्ये कोर्टानं तो व्यवहार अडवला. आपल्याकडं हजार प्रतींची आवृत्ती. तीनशे रुपये किंमत, दहा टक्के रॉयल्टी धरा. सगळ्या प्रती खपल्या तरी लेखकाला तीस हजार. यात कोण कुणावर बोली चढवणार?"

हिशोब बिनचूक होता. पण वकीलसाहेबांनी वेगळीच गाठ सोडवली. सोयाबीन एकदा विकलं की गेलं. कादंबरीचे हक्क तुकड्या-तुकड्यानं आणि मुदतीनं देता येतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं, हस्तांतर लेखीच हवं, त्यात हक्क, मुदत, प्रदेश, रॉयल्टी लिहायला हवी. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही अन् करारात वेगळं काही नसलं, तर तो संपतो.

"एवढ्या अटी घातल्या तर नवख्याचं हस्तलिखित परत येईल," सर अडून बसले.

"येऊ द्या," मी म्हणालो. "छपाईचे पैसे आपणच भरायचे, मग अनुवादाचे अन् सिनेमाचे हक्क प्रकाशकाला कशापायी द्यायचे?"

सरांना ते अजूनही पटलेलं नाही. कादंबरी लिहिणाऱ्या मित्रानं मात्र प्रकाशकाच्या कराराचा मसुदा वकीलसाहेबांकडं दिलाय. त्यात मुदतीची जागा कोरीच होती. तिथं ३ वर्षं लिहा, असं त्यांनी सांगितलंय, आणि सिनेमाचं कलम खोडलंय.