बाळाच्या संगोपनासाठी शासकीय योजना कशी निवडावी

बाळाचे नाव बारशापर्यंत ठरले नाही तरी चालते. योजना मात्र दिवस राहिल्याबरोबर ठरवावी. शासनाने याबाबतीत एवढी विपुलता करून ठेवली आहे की चोपड्याच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईपासून जळगावच्या बँकेत नोकरी करणाऱ्या सूनबाईंपर्यंत कोणाचीही निवड करताना दमछाक व्हावी. म्हणून या काही सूचना.

पहिला मान प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा. पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6,000 रुपये एकरकमी. ही रक्कम बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई आहे असे शासनाने स्वतःच म्हटले असल्यामुळे, उरलेला अंश कोणी भरावा हे विचारून आपला अडाणीपणा दाखवू नये. दुसऱ्या खेपेस मुलगा झाला, तर पेढे पदरच्या पैशाने वाटावेत.

मुलगी 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली, शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी आणि वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या आत, एवढे ग्रह जुळले की लेक लाडकी योजना आपली झाली. जन्मानंतर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यावर 75,000, असे एकूण 1,01,000 रुपये. बारकाईने पाहणाऱ्यास असे दिसेल की जन्म आणि पहिली यांच्या मधल्या काळात, म्हणजे पोर रांगत रांगत चुलीकडे जाते, हाती लागेल ते तोंडात घालते आणि आईला क्षणभरही नजर हटवू देत नाही त्या वर्षांत, एकही हप्ता नाही. मुलीने ही वर्षे शक्य तितक्या लवकर उरकावीत.

पैशाऐवजी प्रत्यक्ष सांभाळणारे माणूस हवे असेल, तर आधी अंकगणित पक्के करावे. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने आलेल्या नियमानुसार 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असली पाहिजे आणि आईला दिवसातून 4 वेळा तेथे जाऊन बाळाला पाहता आले पाहिजे. सबब नोकरीच्या मुलाखतीत पगाराआधी डोकी मोजावीत; 49 भरली तर नम्रपणे नकार देऊन बाहेर पडावे. मजूर स्त्रियांसाठी 2005 च्या रोजगार हमी कायद्याने याहून सोपा हिशेब घालून दिला: कामावर 5 किंवा अधिक लहान मुले आली, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका मजूर स्त्रीस नेमावे. चारच मुले भरत असतील, तर शेजारणीचे एखादे उसने आणावे. पाचव्याची वाट पाहत पहिली चार उन्हात बसतील, आणि खानदेशातले ऊन तर मुलांच्या प्रकृतीला फारच मानवते.

शिवाय 2022 पासून मिशन शक्ती या केंद्राच्या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली ‘पाळणा’ ही योजना आहे. 6 महिने ते 6 वर्षे वयाच्या मुलांना दिवसाचे साडेसात तास, महिन्याचे 26 दिवस सांभाळायचे, असा तिचा बेत. आपले गाव यादीत असणे ही पूर्वपुण्याई आहे. ती नसल्यास पुढच्या जन्मी योग्य तालुक्यात जन्म घेण्याचा प्रयत्न करावा.

राहिली अंगणवाडी. ती 1975 पासून आहे आणि खरोखर गावोगाव आहे, त्यामुळे तिच्याबद्दल फार वाईट बोलता येत नाही. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडे मिळते, न खाणाऱ्यास केळी मिळतात. मात्र 3 वर्षांखालच्या मुलाचा घरी न्यायचा आहार घेताना आता लाभार्थीचा चेहरा मोबाईलवर जुळावा लागतो. धडगावकडच्या एखाद्या पाड्यावर रेंज शोधत सेविका ओट्याच्या कडेला जाऊन फोन उंच धरते, आईला डोक्यावरचा पदर मागे सारून उजेडाकडे तोंड करायला सांगते, आणि कडेवरचे पोर नेमके त्याच क्षणी तिच्या तोंडावर हात फिरवते. चेहरा जुळत नाही. हे सारे कामाच्या वेळात चालते, तेव्हा आहाराच्या पाकिटासाठी दिवसाची मजुरी सोडावी की मजुरीसाठी पाकीट सोडावे, हा विकल्पही शासनाने आपल्यावरच सोपवला आहे. लोकशाही म्हणतात ती हीच.

नोकरदारांनी प्राप्तिकराचा मार्ग धरावा. जुन्या करप्रणालीत प्ले स्कूलच्या शिकवणी शुल्काला वजावट आहे, पाळणाघराच्या शुल्काला नाही. दीड वर्षाच्या मुलास सांभाळतात असे न म्हणता शिकवतात असे म्हणावे.

एवढे सगळे अर्ज भरून झाल्यावरही वेचणीच्या दिवसांत भल्या सकाळी घरोघरी तोच प्रश्न उरतो, ‘पोऱ्याले कोन संभायी?’ आणि उत्तर बहुधा ओसरीवर बसलेले असते. गुडघे धरून उठणारी, पोराच्या मागे धावता येत नाही म्हणून त्याच्या कमरेला जुन्या लुगड्याची दोरी बांधून दुसरे टोक खाटेला अडकवणारी आजी हीच खानदेशातील सर्वांत जुनी आणि विनाअट योजना होय. ती लाभार्थीचा चेहरा फोनशिवाय ओळखते आणि शिधापत्रिकेचा रंग विचारत नाही. तिच्यासाठी 65 वर्षांनंतर श्रावणबाळ योजनेचे दरमहा 1,500 रुपये आहेत, पण ते निराधार वृद्धांसाठी. नातवंडे सांभाळण्याचा मोबदला कोणत्याही खात्याकडे नाही. तिचा अर्ज आपण भरत असाल, तर व्यवसायाच्या रकान्यात ‘काही नाही’ असेच लिहावे, म्हणजे छाननीत अडचण येत नाही.