बुकॉलिकला गोकुळात ओढू नका

'इंग्रजीतला बुकॉलिक, म्हणजे गुराख्यांच्या, रानातल्या जगण्याविषयीचा, हा शब्द आपल्या गोकुळावरून आलाय' असा एक फॉरवर्ड फिरतोय. मी आजवर पुसून टाकत होते. परवा आत्यानं तो माझ्या भाचीला पाठवला आणि पोरीनं वक्तृत्व स्पर्धेच्या कागदावर लाल पेनानं उतरवूनही काढला. आता गप्प बसवत नाही.

'ग्रीकांना ग म्हणता येत नसे, म्हणून गोचं बू झालं.' कमाल आहे! ज्या भाषेत दुधालाच गाला म्हणत (गॅलक्सी त्यातूनच आली), तिला ग जमत नव्हता?

एक गोष्ट नाइलाजानं कबूल करते. गो आणि ग्रीकमधला बूस, म्हणजे गाय-बैल, हे सख्खे भाऊ आहेत. भाऊ, बापलेक नव्हेत. दोघांच्या मूळ शब्दात आरंभी ग्व असा ध्वनी होता. संस्कृतात त्याचा ग झाला, ग्रीकमध्ये बऱ्याच ठिकाणी ब. आपला गुरु म्हणजे जड, त्यांचा बारूस म्हणजेही जड. बॅरोमीटरमधला बॅरो तोच.

कुळाचं मात्र साफ चुकलं. मूळ ग्रीक शब्द बूकोलोस, म्हणजे गुराखी. त्यातलं कोलोस आलं फिरण्याच्या अर्थाच्या धातूवरून, आणि संस्कृतात त्याचं नातं चर् धातूशी. जवळचा नातलग हवाच असेल तर तो गोचर, गुरं चरतात ते रान! फॉरवर्डवाल्याच्या हाताशी होता, दिसला नाही.

शब्द म्हणे अलेक्झांडरनं इथून नेला. तो इथे होता इ.स.पू. ३२६ च्या सुमारास. ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यात मातीच्या पाट्या सापडल्या, त्या साधारण इ.स.पू. १२०० च्या. वाडा जळला, कच्च्या पाट्या भाजून निघाल्या, म्हणून टिकल्या. त्यांवरची लिपी मायकेल व्हेंट्रिसनं १९५२ मध्ये उलगडली. त्यांत गुराखी लिहिलाय 'क्वो-उ-को-रो' असा. त्या लिपीत र आणि ल यांना एकच चिन्ह, क्व आणि ग्व यांनाही एकच. म्हणजे ग्वचा ब व्हायच्याही आधीचा हा शब्द, अलेक्झांडरच्या जवळजवळ नऊशे वर्षं अगोदर ग्रीसमध्ये हजर.

'पेशवाई बुडवल्यावर इंग्रजांनी उचलला' याला काय उत्तर द्यायचं? लॅटिनमधून तो इंग्रजीत सतराव्या शतकातच पोचला होता.

भाचीच्या कागदावर गोकुळ खोडून गोचर लिहिलंय. ती विचारते, "मग भाषणात कृष्ण कुठे आणू?"