विक्री बंद करून सगळं भाड्याने? आधी रोकड मोजा

'जुना कारखाना दोन बिझनेस मॉडेल एकत्र चालवू शकत नाही. कोडॅकने डिजिटलकडे पाठ फिरवली आणि बुडाली. रोल्स-रॉइस आज इंजिन विकत नाही, उड्डाणाचे तास विकते. तुम्हीही विक्री बंद करा, मशीन भाड्याने द्या.'

महिनाभर हा मजकूर उद्योजकांच्या ग्रुपवर फिरतोय आणि मी तो सोडून देत होतो. पण माझ्या धाकट्या भावाचं भोसरीत कूलंट, म्हणजे धातू कापताना यंत्र थंड ठेवणारं द्रावण, साफ करणारी मशीनं बनवायचं वर्कशॉप आहे. हे वाचून त्याने दिवाळीपासून विक्रीची कोटेशनंच द्यायची नाहीत असं ठरवलं. अठरा घरं त्या शेडवर चालतात. मी वीस वर्षं कॉस्टिंग, म्हणजे मालाच्या खर्चाचे हिशोब, करतोय, आता गप्प बसवत नाही.

कोडॅकने डिजिटलकडे पाठ फिरवली, हे अर्धवट आहे. स्टीव्हन सॅसनने 1975 साली डिजिटल कॅमेरा बनवला तो कोडॅकमध्येच. 2005 साली अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कोडॅक पहिल्या नंबरावर होती. फिल्ममध्ये सुटायचा तसा पैसा कॅमेऱ्यात सुटत नव्हता, आणि 2012 च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आता कोडॅकसारखीच कॅमेऱ्याची फिल्म बनवणारी फुजीफिल्म बघा. फिल्मची मागणी 2000 साली शिखरावर होती आणि मग दरवर्षी कोसळत गेली. तेव्हा फुजीचा जवळपास दोन तृतीयांश नफा फोटोच्या धंद्याचा होता. त्यांनी फिल्मच्याच रसायनांच्या ज्ञानावर एलसीडी पडद्यांसाठी लागणारी फिल्म वाढवली, सौंदर्यप्रसाधनं काढली, 2008 साली औषध कंपनी घेतली. आणि इन्स्टॅक्स या जागच्या जागी फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याची फिल्म अजून विकतात. हे सगळं एकाच कंपनीत चाललं.

रोल्स-रॉइस विमानाचं इंजिन विकत नाही, हे तर साफ चूक. इंजिन विकलं जातंच, तासावर आकारतात ती देखभाल. ही पद्धत 1962 साली ब्रिस्टल सिडली कंपनीने व्हायपर इंजिनासाठी काढली, ती कंपनी पुढे रोल्स-रॉइसने घेतली. 2020 मध्ये कोविडने विमानं जमिनीवर बसली तशी तासांची कमाई आटली. त्या एका वर्षात कंपनीतून 4.2 अब्ज पौंड रोकड बाहेर गेली आणि भागधारकांकडून 2 अब्ज पौंड उभे करावे लागले. भोसरीतला माणूस कोणाकडे जाणार?

खरा घात मात्र 'विक्री बंद करा' या तीन शब्दांत आहे. भावाचं एक मशीन 3 लाखांना जातं. पगार, वीज, व्याज धरून त्याला 2 लाख 40 हजार पडतात. महिन्याला दहा मशीनं. ती सगळी दरमहा 10 हजार भाड्याने दिली, तर पहिल्या महिन्यात 24 लाख गेले आणि 1 लाख आला. दुसऱ्या महिन्यात पुन्हा 24 गेले, आले 2. महिन्याचं भाडं महिन्याच्या खर्चाला गाठेपर्यंत दोन वर्षं जातात, आणि तोवर खड्डा 2 कोटी 76 लाखांचा झालेला असतो. त्यावर वाढणारं व्याज वेगळंच. हे मी त्याला वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला.

आणि बँक? सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाची ड्रॉइंग पॉवर (किती रक्कम उचलता येईल ती मर्यादा) निघते ती शिल्लक माल आणि गिऱ्हाइकांकडची येणी यांवर. भाड्याने गेलेलं मशीन मालातही नाही आणि येण्यातही नाही, ती स्थिर मालमत्ता (फिक्स्ड अ‍ॅसेट) झाली. म्हणजे पैशाची गरज सगळ्यात जास्त असेल तेव्हाच लिमिट आकसणार. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कधी बँकेला द्यायचं माल-येण्यांचं स्टॉक स्टेटमेंट भरलेलं नसावं.

तेच गणित दुसऱ्या बाजूने करा. दहापैकी आठ विकली, दर मशीनमागे 60 हजार सुटले, झाले 4 लाख 80 हजार. दोन मशीनं भाड्याने द्यायला नेमका तेवढाच खर्च येतो. जुनी विक्रीच नव्या धंद्याचं भांडवल आहे, आणि हे लोक तीच बंद करायला सांगतात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. दोन्ही धंदे एकाच माणसाकडून, एकाच वहीतून चालत नाहीत. विक्रीवर कमिशन मिळणारा सेल्समन भाड्याचं नाव काढणार नाही. ओरायली आणि टशमन या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी 2004 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये जुन्या कंपन्यांनी नवं काही उभारण्याच्या 35 प्रयत्नांचा अभ्यास मांडला. नव्या धंद्याला वेगळी टीम देऊन वरचं नेतृत्व एकच ठेवलं, तिथे दहात नऊपेक्षा जास्त प्रयत्न यशस्वी झाले. 'एकत्र चालत नाही' यात खरं आहे ते एवढंच, आणि त्यावरचा इलाज म्हणून जुना धंदा मोडा असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

भावाने आता कोटेशनं चालू ठेवली आहेत. दिवाळीनंतर दोन मशीनं भाड्याने जातील, वेगळ्या खात्यावर. रात्रपाळीत भाड्याचं मशीन बंद पडलं तर कोण जाणार, यावर आम्ही अजून भांडतोय.