हर्णैचा लिलाव आणि मॉडेल रिलीज
लोकांचे फोटो काढण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की फोटोसाठी समोरच्याचं तोंडी ‘हो’ पुरतं. बातमीपुरतं ठीक, पण तोच फोटो रिसॉर्टच्या जाहिरातीत किंवा स्टॉक एजन्सीकडे (फोटो वापरायला विकणाऱ्या कंपनीकडे) जाणार असेल तर ओळखू येणाऱ्या प्रत्येकाची मॉडेल रिलीजवर, म्हणजे फोटो वापरायला परवानगी देणाऱ्या फॉर्मवर, सही लागते. कोकणातल्या हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना हा कागद पुढे करू नका, मासळीवाल्या मावशींचं सगळं लक्ष बोलीत असतं. हातही ओले, जेलपेनची शाई लगेच फुटते; बॉलपेन आणि कोरडं फडकं ठेवा. फॉर्म इंग्रजी असेल तर मराठीतून पूर्ण सांगा, ‘जाहिरात’ हा शब्द मुळीच गाळू नका. सहीऐवजी अंगठा असेल तर साक्षीदार त्यांच्या ओळखीतला घ्या. १८ वर्षांखालच्यांसाठी आईवडिलांची सही, शेजारच्या काकांची नव्हे. तारीख, फ्रेम नंबर (कॅमेऱ्यातला फोटोचा क्रमांक) तिथेच लिहा आणि सही केलेल्या कागदासह त्या व्यक्तीचा एक फोटो काढा, नाहीतर महिन्याभराने कुठला कागद कुणाचा तेच जुळत नाही.