गव्हाच्या डब्यातलं पिल्लू

एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी मावशीचा सांगलीहून फोन आला. "अगं, अंडं फुटलं!" मला वाटलं, पिल्लू निघालं. पिल्लू कुठलं? गव्हाच्या डब्यात पुरून ठेवलेल्या बारा अंड्यांपैकी एक फटकन फुटलं होतं आणि वासानं घरात थांबवेना. उरलेली अकरा काका अंगणात नेऊन पुरत होते. डब्यातला पंधरा किलो गहू गेला तो वेगळाच.

हे सगळं एका व्हिडिओवरून. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल: "घरच्या घरी कोंबडी आणि टोमॅटो, खर्च शून्य." दुकानातली अंडी गव्हात ठेवा, 21 दिवसांत पिल्लं. टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून कोंबडी. पिल्लू अडलं तर कवच सोला. पिल्लांची ताजी विष्ठा पाण्यात कालवून टोमॅटोला घाला, मुळाशी एक अख्खं अंडं पुरा, आणि रोपांसाठी बी विकत न घेता टोमॅटोची चकती मातीत दाबा. मी पंधरा वर्षं परसात कोंबड्या पाळते, टोमॅटोही लावते. मावशीला तोंडी सांगून माझा घसा बसला. आता लिहून देते. पुढच्या वेळी मला फोन करण्याऐवजी तिनं हेच पुढं पाठवावं.

सुरुवात दुकानातल्या अंड्यांपासून, कारण यापेक्षा हास्यास्पद काही मी बऱ्याच वर्षांत ऐकलेलं नाही. आपल्या किराणा दुकानात येणारं पांढरं अंडं लेअर फार्मवरून, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथून येतं. तिथं पिंजऱ्यात फक्त माद्या असतात. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची बीव्ही-300 ही आपल्याकडची त्यातली नावाजलेली जात. वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते आणि आयुष्यात तिला कोंबड्याचं तोंड दिसत नाही. या जातीचे नर पहिल्याच दिवशी हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रातच, वेगळे काढले जातात, कारण ते अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत. कोंबडीला अंडं द्यायला कोंबडा लागत नाही, पिल्लाला लागतो. एवढी साधी गोष्ट, आणि साडेतीन मिनिटांच्या व्हिडिओत कोंबडा हा शब्दच नाही!

"पण व्हिडिओत पिल्लं निघाली ना गं?" निघाली, पण ती नीट बघा. नुकतं निघालेलं पिल्लू ओलं, चिकट, मान टाकून पडलेलं असतं. व्हिडिओत गव्हातून बाहेर काढलेली पिल्लं कोरडी, फुललेली आणि पंखांना पिसं फुटायला लागलेली आहेत. म्हणजे चार-पाच दिवसांची पिल्लं आणून गव्हात बसवली आणि कॅमेरा सुरू केला.

समजा, अंडी फलित होती. तरी गव्हात काय होणार? अंड्याला 21 दिवस साधारण साडेसदतीस अंश ऊब लागते. पंखा नसलेल्या खोक्यात अंड्याच्या वरच्या बाजूला थोडी जास्त. चाळीसच्या वर काही तास गेले तरी आतला गर्भ मरू शकतो. दिवसातून तीन ते पाच वेळा अंडं फिरवावं लागतं, नाहीतर गर्भ एका बाजूला चिकटतो. हे अठराव्या दिवसापर्यंत. मग फिरवणं बंद करून ओलावा वाढवायचा. सांगलीत एप्रिलमध्ये दुपारी चाळीस आणि पहाटे पंचवीसच्या आसपास. गव्हाचा डबा हे कसं सांभाळणार? उलट फलित अंडी आपल्या उन्हाळ्यात नुसती फडताळात पडून राहिली तरी आत अर्धवट वाढ सुरू होते आणि गर्भ मरतो. म्हणून उबवायची अंडी थंड जागी ठेवतात आणि आठवड्याच्या आत बसवतात.

आता दोन गोष्टी मान्य करते, नाइलाजानं. धान्यात अंडी उबवतात हे अगदीच खोटं नाही. फिलिपिन्समध्ये बदकाची अंडी गरम केलेल्या भातात (शिजवलेल्या नव्हे, तुसासकटच्या) उबवायची जुनी पद्धत आहे. पण तिथं ते भात पुन्हा पुन्हा तापवतात, अंडी हातानं वरखाली करतात, आणि हे करणारी माणसं पिढीजात हेच करत आलेली. दुसरं, 2020 साली ब्रिटनमध्ये एका बाईनं सुपरमार्केटमधून आणलेल्या बदकाच्या अंड्यांतून खरोखर पिल्लं काढली होती. ती मोकळ्यावर पाळलेल्या बदकांची अंडी होती, आणि कळपात कुठूनतरी नर शिरला असणार. शिवाय तिनं ती इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबवायच्या यंत्रात ठेवली होती, गव्हात नाही.

टोकदार आणि गोल अंड्यांबद्दल एकच वाक्य. पिल्लाचं लिंग मादीच्या गुणसूत्रावरून ठरतं, कवचाच्या आकाराशी त्याचा काही संबंध नाही.

यापुढचा मुद्दा मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. पहिला डबा फसल्यावर मावशीनं हार मानली नाही, ती मानतच नाही. ओळखीच्या बाईंकडून आठ देशी अंडी आणली. या वेळी थर्माकोलचा खोका, बल्ब आणि माझ्याकडचा थर्मामीटर. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर धरून बघितलं तर पाच अंड्यांत शिरांचं जाळं दिसत होतं. तिचा आठ वर्षांचा नातू सकाळ-संध्याकाळ वहीत तापमान लिहायचा. एकविसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला टवका पडला. आतून चोच दिसली, चिवचिव ऐकू आली. दुपारपर्यंत पुढं काही नाही. पोरानं व्हिडिओ आठवला आणि नखानं कवच सोलायला घेतलं. आतल्या पापुद्र्यातून रक्त आलं. संध्याकाळी पिल्लू मेलं आणि पोरगं रात्री जेवलं नाही.

टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात, कधी त्याहूनही जास्त. बाहेरून वाटतं की ते अडकलंय. ते अडकलेलं नसतं. पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात ओढून घ्यायचं असतं, उरलेला बलक पोटात घ्यायचा असतो, फुप्फुसानं श्वास घ्यायची सवय करायची असते. हे पुरं व्हायच्या आत सोललं की शिरा तुटतात. बलक पोटात गेल्यामुळंच पिल्लू पहिले दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय तग धरतं, म्हणून घाई करायचं काहीच कारण नसतं. सारखं झाकण उघडून बघितलं की ओलावा जातो, पापुद्रा वाळतो, आणि मग मात्र पिल्लू खरंच अडकतं. "मदत करा" म्हणणाऱ्यानं हे सांगायला नको होतं? त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं आपली आपण आली. त्यांच्या अंड्यांना कोणी हात लावला नव्हता. माझी आई खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की शेवटचे तीन दिवस आम्हाला त्या बाजूला फिरकूही द्यायची नाही. आम्हाला तेव्हा तो तिचा जाच वाटायचा.

आता विष्ठा. पोल्ट्रीचं खत चांगलं असतं हे खरं, माझ्या टोमॅटोला दरवर्षी तेच असतं. पण कुजवलेलं. ताज्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि रोपांची मुळं करपतात. हे झालं रोपाचं. माणसाचं काय? कोंबडी दिसायला ठणठणीत असली तरी तिच्या विष्ठेत साल्मोनेला हा जुलाब-उलट्या करणारा जंतू असू शकतो, आणि टोमॅटो आपण कोशिंबिरीत कच्चा खातो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सेंद्रिय शेतीच्या नियमात हे स्पष्ट आकड्यांत लिहिलंय: न कुजवलेलं शेणखत किंवा विष्ठा घातली आणि फळ मातीला टेकत असेल, तर तोडणीच्या किमान 120 दिवस आधी ती मातीत मिसळलेली हवी. टेकत नसेल तर 90 दिवस. आपल्याकडं टोमॅटोचं रोप लावल्यापासून साठ-सत्तर दिवसांत पहिला तोडा निघतो. म्हणजे लागवडीच्या दिवशी घातली तरी नियम मोडला. आणि व्हिडिओतला माणूस फळं लागलेल्या झाडांवर दर आठवड्याला मगानं ओततोय! मावशीनं नातवाकडून तेच करून घेतलं. त्यानं नंतर हात धुतले का, हे विचारल्यावर ती गप्प बसली. वाळली पानं आणि भुसा घालून काही महिने कुजवा, मधूनमधून वरखाली करा, मग खुशाल घाला.

मुळाशी अख्खं अंडं पुरलं तर टोमॅटोच्या आधी घूस आणि कुत्री येतील. कवचांचा चुरा टाकला की टोमॅटोचं बूड काळं पडत नाही, असंही व्हिडिओत सांगितलंय. बूड काळं पडतं ते फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून, हे बरोबर. पण बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतंच. पाणी एक दिवस भसाभसा आणि मग चार दिवस नाही, असं झालं की ते फळापर्यंत जात नाही. आपल्या काळ्या मातीत तर चुनखडीला तोटा नाही. तिथं पाण्याची वेळ सांभाळा. तोंडल्या-दोडक्याला घालता तशी कवचं टोमॅटोला घातली तर बिघडत काही नाही, पण ती कुजायला फार वेळ लागतो, या हंगामाच्या टोमॅटोला त्यांचा उपयोग नाही. टोमॅटोची छाटलेली हिरवी पानं कोंबड्यांना घालू नका, ती विषारी असतात. पिकलेला टोमॅटो चालतो.

राहिली चकती. हे खरं आहे, रोपं येतात. भसाभस येतात, एकाच जागी पन्नास, आणि विरळणी केली नाही तर सगळी माना टाकतात. बाजारातला टोमॅटो बहुतेक संकरित, त्यामुळं त्याच्या बियांपासून तसाच टोमॅटो येईल याचा भरवसा नाही. पण पोराला उगवताना बघायचं असेल तर याहून सोपं काही नाही, हे मला मान्य करावं लागतं.

मावशीनं थर्माकोलच्या त्याच खोक्याला बुडाशी भोकं पाडून त्यात चकत्या दाबल्या आहेत. परवा गेले तेव्हा नातू चमच्यानं एकेक रोप वेगळं काढत होता आणि ती दोन पिल्लं त्याच्या पायाशी टपून होती.